१९१७ च्या सीनमध्ये १९४४ ची रायफल: चूक, नाइलाज की आळस?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रशियन राज्यक्रांतीवरची एक मालिका ओटीटीवर बघितली, १९१७ च्या पेट्रोग्राडमध्ये (आजचं सेंट पीटर्सबर्ग) सैनिक, कामगार, खलाशी सगळ्यांच्या हातात एकसारख्याच रायफली, त्यातल्या एकाच्या रायफलीला तर घडी होऊन बाजूला बसणारी संगीन, लेदर जॅकेटवाला चेकाचा (लेनिनच्या बोल्शेविक पक्षाची गुप्त पोलीस संघटना) माणूस माउझर पिस्तूल नाचवत फिरतोय, आणि हे सगळं बघून तुमच्या मित्रानं "एक पण बंदूक बरोबर नाही, सगळं खोटं" म्हणून मालिकाच निकालात काढली. तर मित्र बरोबर आहे का, आणि शूटिंगला या बंदुका खऱ्या वापरतात का.

मी प्रॉप्सच्या कामात आहे, त्यातही शस्त्रं बघतो. बरंचसं काम मुंबईत, सिरियल आणि सिनेमा दोन्ही, आणि अधूनमधून पूर्व युरोपात शूट होणाऱ्या बाहेरच्या प्रॉडक्शनवर. त्यामुळे या रायफली हाताळल्यात, भाड्यानं आणल्यात, आणि कलाकारांच्या हातात देऊन "अहो नळी खाली, नळी खाली" म्हणून ओरडलोय पण.

माझ्या मते खरा प्रश्न "बंदूक बरोबर की चूक" हा नाहीच. अशा मालिकेत चूक दिसली की मी आधी बघतो ती नाइलाजानं झालीय का आळसानं. दोन्ही पडद्यावर सारख्याच दिसतात पण त्यांची कारणं वेगळी असतात, आणि तुमच्या मित्रानं सगळं एकाच पोत्यात भरलंय. अर्थात बरंच काही परिस्थितीवर अवलंबून असतं, शूट कुठल्या देशात झालं, बजेट किती, सीन नक्की कुठल्या महिन्यातला आणि कुठल्या गावातला. फेब्रुवारी १९१७ चं पेट्रोग्राड आणि १९१९ चा दक्षिण रशिया यांच्यात हत्यारांच्या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रायफलीपासून सुरू करू कारण तिथेच सगळ्यात जास्त गडबड होते. त्या काळची रशियन फौजेची मुख्य रायफल म्हणजे १८९१ ची मोसिन-नागान. कॅलिबर ७.६२ मिलिमीटर, मॅगझिनमध्ये पाच गोळ्या, प्रत्येक बारानंतर बोल्ट हातानं मागेपुढे करायचा. पायदळाची रायफल भलतीच लांब, नुसती १३० सेंटिमीटर आणि संगीन लावली की १७० च्या वर, म्हणजे उभी धरली तर आपल्याकडच्या कितीतरी पुरुषांपेक्षा उंच. घोडदळासाठी ड्रॅगून नावाची जरा आखूड आवृत्ती होती, साधारण १२३ सेंटिमीटरची, आणि कोसॅक घोडेस्वारांची तशीच पण संगीन नसलेली.

आता १९३० साली सोव्हिएत सरकारनं या रायफलीत सुधारणा केली. लांबी ड्रॅगूनएवढी ठेवली, पुढच्या साइटवर (नेम धरायची खूण) गोल नळकांड्यासारखं झाकण बसवलं, मागच्या साइटवरचे आकडे जुन्या रशियन अर्शिनमधून मीटरमध्ये आणले (एक अर्शिन म्हणजे ७१ सेंटिमीटर). हिला ९१/३० म्हणतात आणि दुसरं महायुद्ध संपेपर्यंत ही एक कोटीच्या वर बनली. शिवाय हाताशी असलेल्या जुन्या झारच्या काळातल्या रायफली कारखान्यात परत नेऊन, कापून, नवीन साइट लावून त्यांच्यातल्या पण बऱ्याच ९१/३० करून टाकल्या. म्हणजे जी वस्तू आपल्याला १९१७ च्या सीनसाठी हवीय तीच रशियन लोकांनी स्वतःच्या हातानं पुढच्या मॉडेलमध्ये बदलून टाकलीय, आणि उरलेल्या मूळ रायफली एक तर म्युझियममध्ये नाही तर संग्राहकांकडे, जे त्या चिखलात लोळवायला देत नाहीत आणि का देतील.

म्हणून शूटिंगला दोनशे एक्स्ट्रा उभे करायचे असतील तर भाड्यानं मिळणार ९१/३० च. पुढच्या साइटवर गोल झाकण दिसलं की समजायचं ही १९३० नंतरची, हे ओळखायला सगळ्यात सोपं. पण ही चूक मी माफ करतो, कारण लांबून दोन्हीत फरक कळत नाही आणि खरी मिळतच नाही. चांगला आर्मरर (सेटवरची हत्यारं सांभाळणारा) काय करतो, पुढच्या रांगेतल्या पाच-सहा जणांना मूळ १८९१ वाल्या किंवा निदान साइट बदललेल्या रायफली देतो, मागच्यांना ९१/३०, आणि त्याच्याही मागे रबराच्या डमी. कॅमेरा ज्याच्या चेहऱ्यावर जाणार त्याच्या हातातली वस्तू बरोबर असली म्हणजे झालं.

बाजूला घडी होणारी संगीन मात्र वेगळी गोष्ट. ती १९४४ च्या कार्बाइनची. आखूड नळी, उजव्या अंगाला कायमची जोडलेली संगीन, जी मागे वळवून दस्त्याला लागून बसते. ही १९१७ मध्ये असणं शक्यच नाही, सत्तावीस वर्षांचा फरक आहे. पण ती तिथे आली कशी ते सांगतो. युद्धानंतर हीच कार्बाइन पोलंड, हंगेरी, रुमानिया इथे बनायची, चीननं पण तिची कॉपी केली, त्यामुळे पूर्व युरोपातल्या भाड्याच्या शस्त्रगोदामात ही ढिगानं पडलेली असते आणि स्वस्त असते. मी अशा एका गोदामात गेलो होतो, रॅकच्या रॅक भरलेले, आणि गोदामवाला अगदी निरागसपणे म्हणतो मोसिनच आहे की ही. हो, मोसिनच आहे, पण. तर मागच्या गर्दीत एखादी घुसली असेल तर नाइलाज, आणि क्लोजअपमध्ये आली असेल तर आळस, कारण एडिटिंगच्या टेबलावर कोणीतरी ती बघितलीय आणि "कोणाला कळतंय" म्हणून सोडून दिलीय. यात तुमच्या मित्राला पूर्ण मार्क.

पण मला विचाराल तर तुमच्या वर्णनातली सगळ्यात मोठी चूक ही नाहीच. "सगळ्यांच्या हातात एकसारख्याच रायफली" हे जे तुम्ही सहज लिहून गेलात ना, ती मोठी चूक आहे, आणि तिच्याबद्दल तुमचा मित्र काहीच बोलला नाही.

रशियाकडे १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा जेवढ्या रायफली होत्या त्या बघता बघता कमी पडल्या. तुला, इझेव्स्क आणि सेस्त्रोरेत्स्क या गावांतले तीन सरकारी कारखाने, आणि भरती होणारी माणसं लाखोंनी. १९१५ मध्ये तर आघाडीवर निःशस्त्र उभं राहून पुढचा पडला की त्याची रायफल उचलायची अशी अवस्था काही तुकड्यांची होती. मग सरकारनं जिथून मिळेल तिथून हत्यारं आणली. जपानकडून अरिसाका रायफली लाखांनी घेतल्या, आणि गंमत अशी की दहाच वर्षांपूर्वी १९०४-०५ च्या युद्धात याच जातीच्या रायफलीनं जपान्यांनी रशियन सैनिक मारले होते. अमेरिकेतून विंचेस्टरची १८९५ ची लिव्हरवाली रायफल जवळपास तीन लाख आली, मुद्दाम रशियन काडतुसाला चालेल अशी बनवून घेतलेली. इटलीच्या जुन्या व्हेटर्ली, फ्रान्सच्या ग्रा आणि लेबेल, ऑस्ट्रियन सैन्याकडून हिसकावलेल्या मानलिखर. आणि पिछाडीच्या पहारेकऱ्यांच्या खांद्याला १८७० सालातली बर्दान, एका वेळी एकच गोळी भरायची.

ही सगळी मंडळी १९१७ मध्ये रस्त्यावर होती. फेब्रुवारीत (आपल्या कॅलेंडरनं मार्च, रशियात तेव्हा जुनी ज्युलियन तारीख चालायची, तेरा दिवस मागे) व्होलिन्स्की रेजिमेंटनं बंड केलं, लोक शस्त्रागारात घुसले आणि हाताला लागेल ते घेऊन बाहेर पडले. ऑगस्टमध्ये जनरल कोर्निलोव्ह पेट्रोग्राडवर चालून येतोय म्हणून कामगारांना परत हत्यारं वाटली गेली. ऑक्टोबरात बोल्शेविक नेता ट्रॉट्स्कीनं सेस्त्रोरेत्स्कच्या कारखान्याला रेड गार्डसाठी, म्हणजे बोल्शेविकांच्या हत्यारबंद कामगारांसाठी, पाच हजार रायफली द्यायचा आदेश काढला आणि कारखान्यानं त्या दिल्या, सरकार अजून केरेन्स्कीचं, म्हणजे झारनंतरचं हंगामी सरकार, असताना. म्हणजे रेड गार्डच्या एका रांगेत एकाकडे कोरी मोसिन, शेजारच्याकडे जपानी अरिसाका, तिसऱ्याकडे दोरीचा पट्टा बांधलेली काहीतरी जुनाट वस्तू जिची काडतुसं कुठे मिळतील त्यालाच ठाऊक नाही. हे गबाळेपण म्हणजेच राज्यक्रांती. एकसारख्या रायफली घेऊन ओळीत पळणारी माणसं दाखवली की ती फौज वाटते, उठाव वाटत नाही.

आणि हे दाखवायला बजेट लागत नाही हो. दोनशे मोसिनच्या ऐवजी दीडशे मोसिन, काही जुन्या शिकारी बंदुका, काही डमी, आणि काही माणसं सरळ रिकाम्या हातानं. मी तर डायरेक्टरला नेहमी सांगतो काहींच्या हातात काहीच देऊ नका, जास्त खरं वाटतं. पण डायरेक्टरला फ्रेम भरलेली हवी असते. विंचेस्टर तर बहुतेक जण मुद्दामच टाळतात, प्रेक्षक म्हणतील रशियात काउबॉय कुठून आला! खरी वस्तू खोटी वाटेल म्हणून खोटी दाखवायची असा हा प्रकार. लॅटव्हियन रायफलमन, जे पुढे बोल्शेविकांचे सगळ्यात भरवशाचे सैनिक ठरले, त्यांचे विंचेस्टर घेतलेले फोटो आहेत.

अमेरिकेचंच अजून एक सांगतो, विषय निघालाय तर. झारच्या सरकारनं मोसिन रायफली बनवायची ऑर्डर अमेरिकेत रेमिंग्टन आणि न्यू इंग्लंड वेस्टिंगहाउसला दिली होती, दोन्ही मिळून तीस लाखांवर. राज्यक्रांती झाली, गिऱ्हाईकच गायब, माल पडून. मग त्यातल्या काही अमेरिकन सरकारनं घेतल्या आणि १९१८ मध्ये बोल्शेविकांविरुद्ध अर्खांगेल्स्कला जे अमेरिकन सैनिक पाठवले त्यांच्या हातात त्याच दिल्या. एखाद्या मालिकेनं अमेरिकन सैनिकांच्या हातात मोसिन दाखवली आणि लोक हसले तर हसणारे चुकीचे.

तसंच यादवी युद्धात दक्षिणेला डेनिकिनच्या पांढऱ्या (बोल्शेविकविरोधी) फौजेला ब्रिटिशांनी माल पुरवला, त्यात ली-एनफिल्ड आल्या, म्हणजे आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर अगदी परवापरवापर्यंत दिसणारी थ्री नॉट थ्रीच. आपली माणसं पण त्या भानगडीत होती, १९१८ च्या उन्हाळ्यात कॅस्पियन समुद्राच्या पलीकडे १९ व्या पंजाबी पलटणीचे सैनिक बोल्शेविकांशी लढलेत. त्यामुळे थ्री नॉट थ्री दिसली रे दिसली की चूक म्हणू नका, आधी सीन कुठला ते बघा.

बरं, बंदूक बरोबर आहे पण माणूस चुकीचा धरतोय हा प्रकार तर मी सगळ्यात जास्त बघतो. रशियन पायदळाची संगीन ही काढून कमरेला लावायची वस्तूच नव्हती. चार धारांची बारीक सळईसारखी, नळीवर चढवून फिरवून बसवायची आणि बसवलेलीच ठेवायची. पायदळाला तिचं म्यान पण साधारणपणे देत नसत. रायफलीचा नेमच मुळी संगीन लावून जुळवलेला असायचा, काढली तर गोळी दुसरीकडे जाते. म्हणून १९१७ चे फोटो बघा, मोटारीच्या मडगार्डवर आडवे झालेले सैनिक, मोर्च्यातले सैनिक, सगळीकडे संगिनींचं रान. आणि मालिकेत? संगीन गायब. का, तर सेफ्टी. गर्दीच्या सीनमध्ये पळताना कोणाच्या डोळ्यात जाईल म्हणून आम्हीच नको म्हणतो. यावर उपाय रबराची संगीन, ती हलते आणि वाकते, क्लोजअपला भिकार दिसते पण लांबून चालते. तर इथे संगीन नसणं मी नाइलाजात धरतो, पण पहाऱ्यावर स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाच्या रायफलीला संगीन नसेल तर तो आळस, कारण तिथे कोणाला काय लागणार आहे.

अजून एक, वजन. मोसिन चार किलोच्या वर भरते. खरी रायफल खांद्याला दिवसभर असली की माणूस एका बाजूला जरा झुकतो, पट्टा कोटात रुततो, तो मधूनच खांदा बदलतो. रबराची डमी असली की पट्टा सैल लोंबतो आणि माणूस छत्री घेतल्यासारखा चालतो. हे एकदा बघायला शिकलात की परत मालिका सुखानं बघता येणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

रिव्हॉल्वर म्हणजे १८९५ ची नागान. बेल्जियमच्या लेऑन नागानचं डिझाइन, नंतर तुला गावच्या कारखान्यात बनायची. ही मजेशीर वस्तू आहे, हिच्यात सहा नाही तर सात गोळ्या, आणि घोडा मागे गेला की सिलिंडर पुढे सरकून नळीला घट्ट चिकटतो म्हणजे मधून गॅस निसटत नाही. ती १९४५ पर्यंत बनत राहिली आणि फारशी बदलली नाही, त्यामुळे गोदामातली कुठलीही नागान १९१७ ला चालून जाते, आमच्यासाठी वरदानच. चुका होतात त्या वापरण्यात. तिचा सिलिंडर अमेरिकन रिव्हॉल्वरसारखा बाजूला बाहेर येत नाही. उजव्या बाजूला एक छोटं झाकण, ते उघडायचं, पुढून काडी घालून रिकामं काडतूस ढकलायचं, सिलिंडर एक घर फिरवायचा, परत ढकलायचं, असं सात वेळा, आणि मग भरताना परत सात वेळा. गोळीबार चालू असताना हे कोणी करत नाही, म्हणून ज्याला परवडायचं तो दुसरं हत्यार बाळगायचा. मालिकेत नायक भिंतीआड जाऊन दोन सेकंदात नागान भरून परत येतो तेव्हा मी चहा करायला उठतो.

त्यातही झारच्या काळात साध्या सैनिकांची नागान आणि अधिकाऱ्यांची नागान वेगळी होती. अधिकाऱ्यांची नुसता चाप ओढला की उडायची, सैनिकांच्या नागानला प्रत्येक वेळी अंगठ्यानं घोडा मागे ओढावा लागायचा. हा बारकावा मी अजून कुठल्या सेटवर कोणाला विचारताना बघितलेला नाही, आणि विचारला नाही म्हणून राग पण नाही.

आता चेकाचा माणूस आणि माउझर. हे चित्र खोटं नाही. माउझर सी-९६ रशियात भरपूर होती, अधिकाऱ्यांना स्वतःच्या खर्चानं बाहेरची पिस्तुलं घ्यायची मुभा होती आणि त्यातून ब्राउनिंग, माउझर वगैरे बरीच आली होती. लाकडी खोक्यासारखं होल्स्टर, जे मागे जोडलं की खांद्याला लावायचा दस्ता होतो. वरून दहा गोळ्यांची क्लिप दाबून भरायची. बघायचं काय तर एक, चापाच्या पुढच्या चौकोनी भागातून खाली मॅगझिन काढता येतंय का, तसं असेल तर ते १९३० च्या दशकातलं मॉडेल, इथे चुकीचं. दुसरं, ज्याला बोलो माउझर म्हणतात ते आखूड नळीचं, जे बोल्शेविकांच्या नावानंच प्रसिद्ध आहे, त्याचा मोठा साठा रशियात गेला तो १९२० च्या दशकात. म्हणजे नाव बोल्शेविकांचं पण राज्यक्रांतीच्या सीनमध्ये त्याला जागा नाही. तुम्ही लांब नळीचं म्हणत असाल तर ते ठीकच आहे. उलट मोठी चूक दुसरीच असू शकते, चेकाची स्थापनाच डिसेंबर १९१७ ची आहे, ऑक्टोबरात बोल्शेविकांनी सत्ता घेतली त्या रात्री चेकाचा माणूस फिरत असेल तर पिस्तूल तपासायची गरजच नाही. आणि प्रत्येक कमिसारकडे (बोल्शेविकांचा राजकीय अधिकारी) माउझर होतं असं पण नाही, बहुतेकांकडे साधी नागान. ऑगस्ट १९१८ मध्ये लेनिनवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या प्रकरणातलं पिस्तूल तर खिशात मावेल असं छोटं ब्राउनिंग होतं.

मॅक्सिम मशिनगनबद्दल थोडक्यात. १९१० चं मॉडेल, चाकांच्या गाड्यावर, पुढे पत्र्याची ढाल, ढालीसकट साठ किलोच्या वर वजन. नळीभोवती पाण्याचं नळकांडं, कापडी पट्ट्यात २५० गोळ्या, पट्टा उजवीकडून आत जातो त्यामुळे उजव्या बाजूला दुसरा माणूस हवाच. नळकांड्याच्या वर मोठं रुंद झाकण असेल, बर्फ भरता येईल असं, तर ती दुसऱ्या महायुद्धातली. हे पण नाइलाजात टाका, कारण जगातल्या गोदामांत बहुतेक त्याच आहेत. पण एकच माणूस ती उचलून पळत जिना चढला तर तो कलाकार नाही, कुस्तीगीर आहे. आणि खलाशी छातीवर आडवेतिडवे काडतुसांचे पट्टे बांधून फिरतात ते मात्र अगदी खरं, फोटोंमध्ये आहे. उपयोग काही नाही, पट्ट्याला घाण लागून मशिनगन अडकायची शक्यताच जास्त, पण क्रोनस्टाटच्या नौदल तळावरच्या पोरांची ती स्टाइल होती.

ऑक्टोबरच्या त्या रात्री ऑरोरा जहाजाच्या तोफेनं हिवाळी राजवाड्याच्या (सरकार तिथेच बसलं होतं) भिंती कोसळल्या असं कोणी दाखवलं तर सोडून द्या, तो बार रिकामा होता, नुसता आवाज. खरे गोळे आले ते नदीपलीकडच्या पीटर-पॉल किल्ल्यावरून, आणि त्यांनी पण फार नुकसान केलं नाही. राजवाड्यावर हजारोंची लाट चालून जाते ते दृश्य १९२० मध्ये तिथेच केलेल्या भव्य देखाव्यातून आणि नंतरच्या सिनेमातून डोक्यात बसलंय. प्रत्यक्षात त्या रात्री लोक तुकड्यातुकड्यांनी आत शिरले होते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, खऱ्या असतात का. देशाप्रमाणे बदलतं. रशियात जुन्या खऱ्या बंदुका फक्त ब्लँक (गोळी नसलेलं, नुसत्या बारुदाचं काडतूस) उडतील अशा कायमच्या बदलून वापरतात. पूर्व युरोपात गोदामवाल्यांकडे लायसन्स असतं, खऱ्या वस्तू ब्लँकसाठी बदललेल्या, आणि त्यांचाच आर्मरर सेटवर येतो, हत्यार आपल्या हातात देत नाही. आपल्याकडे मुंबईत बहुतेक काम डमी आणि फायबरवर, बार आणि धूर नंतर व्हीएफएक्समध्ये. मोसिनसारखी बोल्टवाली रायफल ब्लँकला सोपी, कारण पुढची गोळी माणूस हातानं भरतो. माउझर किंवा मॅक्सिम स्वतःच्या धक्क्यावर चालतात, ब्लँकमध्ये गोळीच नसल्यामुळे पुरेसा धक्का मिळत नाही, म्हणून नळीत अडथळा बसवून प्रेशर वाढवावं लागतं. ते नीट केलं नाही की दर तिसऱ्या बाराला अडकतं आणि अख्खं युनिट तुमच्याकडे बघत बसतं.

ब्लँकला धक्का नसतो हे लक्षात ठेवा. मोसिनचा खरा धक्का खांद्याला चांगला जाणवतो. पडद्यावर कलाकाराचा खांदा हललाच नाही तर त्याला कोणी सांगितलेलं नाही. मी शूटच्या आदल्या दिवशी कलाकारांना बोल्ट मारायची प्रॅक्टिस देतो, रायफल खांद्यावरून न काढता, आणि धक्का कुठे बसतो ते तळहातानं ढकलून दाखवतो. त्यासाठी तासभर पुरतो आणि पैसे काहीच लागत नाहीत, म्हणून हे जिथे केलेलं नाही तिथे मी आळसच म्हणतो.

ब्लँक म्हणजे निरुपद्रवी असं पण नाही. जवळून नळीतून येणाऱ्या गॅसनं माणूस मेल्याची उदाहरणं आहेत, आणि २०२१ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोत एका सेटवर खरी गोळी सुटून सिनेमॅटोग्राफरचा जीव गेला तेव्हापासून सगळेच जास्त सावध झालेत. म्हणून जवळून गोळी घालायचे सीन आता शक्यतो बंद नळीच्या डमीवर होतात आणि ज्वाळा नंतर रंगवतात.

याचा परिणाम सगळ्यात जास्त दिसतो तो येकातेरिनबुर्गच्या सीनमध्ये. या विषयावर मालिका काढून हा सीन टाळणं अवघडच, १६-१७ जुलै १९१८ च्या रात्री इपातिएव्ह घराच्या तळघरात झार, त्याची बायको, पाच मुलं आणि चार नोकर-चाकर, अकरा माणसं. गोळ्या झाडल्या त्या कोल्ट, माउझर, नागान अशा हातातल्या हत्यारांनी, रायफलींनी नव्हेत. पडद्यावर हा सीन फार स्वच्छ असतो, प्रत्येक बार वेगळा ऐकू येतो, प्रत्येक चेहरा दिसतो. प्रत्यक्षात लहानशी बंद खोली, एका दारात गर्दी करून उभे असलेले मारेकरी, एकमेकांच्या खांद्यावरून झाडतायत, बाहेर आवाज झाकायला ट्रकचं इंजिन चालू, आणि काही क्षणात बारुदाचा धूर आणि प्लास्टरची धूळ इतकी की समोरचं दिसेना. गोळीबार थांबवून दार उघडावं लागलं. मुलींच्या कपड्यांत शिवलेल्या दागिन्यांवरून गोळ्या उलटत होत्या. हा प्रकार वीस सेकंदात उरकला नाही, बराच वेळ चालला, आणि शेवटी संगिनी वापरल्या.

इथे डायरेक्टर धूर कमी करायला सांगतात कारण कलाकारांचे चेहरे दिसले पाहिजेत, आणि त्यांचंही बरोबर आहे, ते पैसे चेहऱ्यांचे देतात. पण पिस्तुलांची मॉडेल्स अगदी अचूक आणि खोली मात्र लख्ख, यापेक्षा मला पिस्तूल थोडं चुकलेलं आणि खोली धुरानं भरलेली जास्त पटते.

तुम्हाला स्वतःला तपासायचं असेल तर बंदुकांच्या यादीपेक्षा त्या काळचे फोटो बघा. पेट्रोग्राडमध्ये कार्ल बुल्ला आणि त्याच्या मुलांचा स्टुडिओ होता, व्हिक्टर बुल्लानं जुलै १९१७ मध्ये नेव्स्की रस्त्यावर गोळीबारात पळणाऱ्या गर्दीचा काढलेला फोटो तुम्ही कुठेतरी पाहिलाही असेल. रेड गार्डचे ग्रुप फोटो मिळाले तर मोठे करून एकेकाच्या हातातलं बघा, आणि मग मालिकेची फ्रेम शेजारी ठेवा.

आणि त्या घडीच्या संगीनवाल्या सैनिकाचा स्क्रीनशॉट असेल तर टाका, तो कॅमेऱ्यापासून किती लांब उभा आहे ते बघून सांगतो त्याला माफ करायचं की नाही. शक्य असेल तर त्याच्या आजूबाजूचे चार-पाच जण पण येऊ देत फ्रेममध्ये, मला त्यांच्या हातात काय आहे ते जास्त बघायचंय.